मीठ वाढलंय

भाद्रपद लागला की अंबरनाथ पश्चिमेला, स्टेशनबाहेरच्या रस्त्यावर एक वास ठाण मांडून बसतो. ओल्या गोणपाटाचा, अळूच्या चिकाचा, मक्याच्या सालींचा, आणि त्या सगळ्यांच्या खालून येणारा चिखलाचा. बदलापूरच्या पलीकडच्या गावांतून बायका येतात, निळं प्लास्टिक अंथरतात आणि त्यावर वाटे मांडतात. दोन अळूची पानं, लाल माठाची जुडी, एक शिराळं, पडवळाचा तुकडा, चार भेंड्या, भोपळ्याची फाक, सुरणाची खाप, अर्धं कणीस, आंबटपणासाठी दोन अंबाडे. ऋषिपंचमीच्या भाजीचा वाटा. बैलाच्या कष्टाचं काही घ्यायचं नाही, परसात नि बांधावर उगवलेलं तेवढं एकत्र शिजवायचं. तेल नाही, फोडणी नाही.

"काका, ऋषीचा वाटा न्या. आताच खुडलाय."

"किती जणांना पुरेल?"

"घरात किती माणसं?"

या प्रश्नाला मी दरवर्षी अडखळतो. दोन म्हणायचं असतं आणि तोंडातून तीन निघतं. बाई तिघांच्या हिशेबाने दोन भेंड्या वर टाकते, आणि त्या परत करण्याइतका प्रामाणिकपणा माझ्या अंगात नाही. पिशवी घेऊन मी घराकडे वळतो, आणि त्या एका पावसाळ्याची ओल पिशवीच्या बुडातून माझ्या पायावर ठिबकायला लागते.

मी एमआयडीसीतल्या एका केमिकल कारखान्यात शिफ्ट इन्चार्ज होतो. म्हणजे काय, तर आठ तास काटे बघायचे. टेंपरेचर वाढलं की कमी करायचं, प्रेशर वाढलं की कमी करायचं, टाकीतली लेव्हल वाढली की कॉक फिरवायचा. "साहेब, वाढलंय" हे दोन शब्द मी आयुष्यात जितक्या वेळा ऐकले असतील तितक्या वेळा स्वतःचं नावही ऐकलं नसेल. ते कानावर पडले की माझा हात विचार न करता कशाचं तरी तोंड आवळायला जाई. स्वयंपाकघरात मात्र माझा वावर पाणी पिण्यापुरता. मेथी कुठली आणि शेपू कुठला हे मला नाकाने कळे, डोळ्यांनी नाही. त्यामुळे मंडईत मी जुड्या हुंगत फिरायचो आणि बायका तोंडाला पदर लावायच्या.

त्या वर्षी आषाढात माझी बायको सुनीता नागपूरला गेली, मुलीच्या बाळंतपणासाठी. घरात मी आणि आई. आई ऐंशीच्या पुढची, नुकतीच न्यूमोनियातून उठलेली. हॉस्पिटलातून सोडताना डॉक्टरांनी मला पॅसेजमध्ये घेतलं. म्हणाले, "आजींना आता औषधापेक्षा अन्न महत्त्वाचं. वजन उतरता कामा नये. बीपी आहे, तेव्हा मीठ जरा जपून. पण पोटात गेलं पाहिजे. बेताळीस किलो भरल्यात, ते धरून ठेवा." आईने पॅसेजमधली ती कुजबुज खाटेवरून पाहिली होती, ऐकली नव्हती. हे पुढे महत्त्वाचं ठरलं, पण मला तेव्हा महत्त्वाच्या गोष्टी ओळखता येत नसत.

वजन धरून ठेवायचं, एवढंच काम. मी ते कारखान्याच्या पद्धतीने हातात घेतलं. फ्रिजवर कागद लावला, रकाने आखले. वार, भाजी, किती वाढली, किती उरली, वजन. खाली सहीची जागासुद्धा ठेवली. आईने चष्मा लावून तो कागद वाचला आणि विचारलं, "यात मी कुठाय रे? मला वाटलं, बॉयलरचं काहीतरी आहे."

आईच्या खोलीचं दार स्वयंपाकघरासमोर. तिथून दिसत काही नसे, पण तिला नाक होतं.

"नंदू, मोहरी जळली."

"तडतडली गं."

"तडतडायची ती मघाशी. आता जळली. उतर कढई, दुसरं तेल घे."

चातुर्मास. कांदा नाही, लसूण नाही, वांगं नाही. राहिलं काय, तर भाजी आणि तिचं स्वतःचं पाणी. साधी भाजी ही सगळ्यांत अवघड असते, हे मला त्या खाटेवरून शिकवण्यात आलं. दोडक्याच्या शिरा काढायच्या, पण साल सगळं सोलायचं नाही, नाहीतर राहतं काय? दुधीला नखाने बघायचं, नख सहज आत गेलं तर घ्यायचा. टाकळ्याची वरवरचीच पानं घ्यायची, खालची चिवट. वरून पाणी ओतायचं नाही. कढईवर ताट ठेवायचं आणि त्या ताटात पाणी घालायचं. खालची वाफ वर जाते, गार ताटाला लागते, परत भाजीवर पडते. "भाजीला तिचंच पाणी परत द्यायचं," आई म्हणायची, "उसनं कशाला?"

आणि पालेभाजीत मीठ आधी घालायचं नाही. टोपलंभर पाला कढईत टाकला की डोंगर दिसतो. डोंगराच्या मापाने मीठ घालशील तर फसशील. थांबायचं. ती आळते. मूठभर होते. मग मीठ. "आळलेली भाजी खरी," आई म्हणाली. "आधीचा नुसता बडेजाव."

तिचा आणखी एक नियम होता. कच्च्या दोडक्याचा तुकडा चाखून बघायचा, कडू निघतो कधीकधी. पण शिजलेलं चाखायचं नाही. ताटात पडेपर्यंत ते उष्टं करायचं नाही. मी हा नियम फार भक्तिभावाने पाळला. खरं कारण भक्ती नव्हे. मी केलेलं चाखण्याचं धाडस मला नव्हतं. दुपारी मी कारखान्याच्या कँटीनमध्ये जेवायचो, रात्री माझ्या वाट्याच्या भाजीवर उल्हासनगरची शेव आणि कैरीचं लोणचं असा थर द्यायचो की खाली दोडका आहे की दगड, कळायचं नाही. अशा रीतीने त्या पावसाळ्यात मला प्रत्येक भाजी कच्ची कशी लागते हे ठाऊक होतं आणि शिजलेली एकही ठाऊक नव्हती.

मीठ मी डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे बेतानेच घालायचो. तोंडाला कमी पडलं तर आईजवळ तिची बरणी होती. चिनी मातीची, लिंबाएवढी, खाटेजवळच्या स्टुलावर. त्यात खडे मीठ. ताट आलं की ती झाकण काढायची, चिमूटभर मीठ ताटाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात घ्यायची आणि मग जेवायला लागायची. मीठ नसलेल्या ताटावर बसणं तिला अंगावर पदर नसल्यासारखं वाटे. सुनीताने जाण्याआधी ती बरणी काठोकाठ भरून ठेवली होती. मला तिच्याविषयी काही सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काय होतं?

श्रावणात मी उल्हासनगर कॅम्प दोनला गेलो, मिक्सरचं भांडं दुरुस्त करायला. तिथे दुकानदाराने मला एक यंत्र दाखवलं. प्लास्टिकचं भांडं, आत पाती, वर दोरी. दोरी ओढायची, भाजी बारीक.

"साईं, ये ले जाओ. घरवाली भी खुश, भाजी भी खुश."

"घरवाली नागपूरला आहे."

"तो फिर आपही खुश!"

मी ते घेऊन आलो. दुसऱ्या दिवशी दुधीची दोरी ओढली. सात वेळा ओढायची म्हणाला होता, मी उत्साहात वीस वेळा ओढली. दुधीची चटणी झाली. आईने ताटात बोट फिरवून विचारलं, "हे पोटीस कुठे लावायचं?"

हसलो आम्ही. पण त्या यंत्राने एक वाईट गोष्ट केली, ती मला खूप उशिरा समजली. तोवर आई खाटेवर बसून भाजी निवडून द्यायची. मांडीवर वर्तमानपत्र, त्यावर माठाची जुडी, आणि तिची बोटं एकेक पान उलटून बघणारी. हात थरथरायचे, पण देठाला लागले की स्थिर व्हायचे. यंत्र आल्यावर मी म्हटलं, "तू पड. माझं पाच मिनिटांत होतं." तिने दोनतीनदा म्हणून पाहिलं, "माझ्याकडे दे की निवडायला." मी म्हटलं, "आराम कर." माणसाला त्याच्या शेवटच्या कामावरून काढून टाकण्यासाठी यापेक्षा सभ्य शब्द मराठीत नाही.

नागपंचमी आली. त्या दिवशी चिरायचं नाही, भाजायचं नाही, तळायचं नाही. मी दोरी ओढण्याला चिरणं म्हणतात का यावर आईशी वाद घातला, हरलो, आणि अख्ख्या भेंड्या वाफवल्या. ताट उचलायला गेलो तेव्हा आई म्हणाली,

"नंदू, मीठ वाढलंय रे. बघ."

"बरं," मी म्हटलं.

झालं एवढंच. सगळा पावसाळा या एका वाक्यावर घसरला.

आता मराठी घरात वाढलेल्या माणसाला हे समजायला हवं होतं. आईच्या पिढीत घरातली वस्तू संपत नसे. तेल संपलं म्हणायचं नाही, तांदूळ संपले म्हणायचं नाही; अशुभ. तेल वाढलं, तांदूळ वाढले. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. दिवासुद्धा वाढवतात. जिथे काही उरलं नाही तिथे हा शब्द ठेवायचा. हे सगळं मी लहानपणापासून ऐकत होतो, पण सामान आणायला आई नेहमी माझ्या थोरल्या बहिणीला, ताईला पाठवायची, त्यामुळे तो शब्द ताईच्या कानात राहिला. माझ्या कानात कारखाना जाऊन बसला होता. तिथे "वाढलंय" म्हणजे एकच: कॉक आवळा. भाजीत मीठ जास्त झालं तर माणसं "जास्त झालंय" म्हणतात, "खारट झालंय" म्हणतात, "वाढलंय" म्हणत नाहीत, हे मला आज कळतं. तेव्हा माझा हात आधीच कॉकवर होता.

दुसऱ्या दिवशी मी मीठ निम्मं केलं.

दोन दिवसांनी आई पुन्हा म्हणाली, "मीठ वाढलंय म्हटलं ना तुला. लक्षात आहे ना?"

"आहे गं!" मी म्हटलं, आणि निम्म्याचं निम्मं केलं. कागदावर टीपसुद्धा लिहिली: मीठ कमी करणे चालू.

तिसऱ्यांदा ती जरा अजिजीने म्हणाली. त्या दिवशी माझी शिफ्ट वाईट गेली होती, डोकं तापलेलं होतं. म्हटलं, "आई, किती वेळा तेच? आता घालतच नाही मी. बंदच केलंय. डॉक्टरांनीच सांगितलंय."

डॉक्टरांनी बंद सांगितलं नव्हतं. पण स्वतःच्या निर्णयाखाली मोठ्या साहेबाची सही ठोकून देण्याची सवय मला नोकरीने लावली होती. त्याने वाद लवकर मिटतो.

वाद मिटला. आई माझ्याकडे बघत राहिली. मग तिने मांडीवरची चादर सारखी केली, दोन्ही बाजूंनी, सुरकुती राहू नये म्हणून करतात तशी. "हो का," म्हणाली. "बरं."

त्यानंतर तिने मिठाचं नाव काढलं नाही. पानातल्या अन्नाला नावं ठेवायची नाहीत, हा तिचा तिसरा नियम. फ्रिजवरचा कागद मात्र बोलत होता. पाव वाटी. दोन घास. पडवळ, तसंच परत. एक्केचाळीस. साडेचाळीस. मी भाज्या बदलल्या. कंटोळी आणली, घोसाळी आणली, बदलापूरच्या बाजारातून कोवळा भारंगीचा पाला आणला. सगळं ताजं, सगळं तिच्या पद्धतीने, ताटावर पाणी ठेवून शिजवलेलं, आणि सगळं अळणी. सुनीताचा रोज फोन यायचा. "आई जेवतात ना?" मी म्हणायचो, "जेवतात. मीठ कमी केलंय, ते मानवलंय." मग म्हणायची, "आवाज का असा?" मी म्हणायचो, "रेंज नाही."

खालच्या मजल्यावर भगवंती आंटी राहतात. उल्हासनगरच्या, सिंधी, आईहून थोड्या लहान. त्या एकदा साई भाजीचा डबा घेऊन आल्या. पालक, चुका, चण्याची डाळ एकत्र घोटलेली, आईसाठी मुद्दाम कांदालसूण वगळून. मी कामावरून आलो तर डबा रिकामा.

"नंदू बेटा, अम्माने पूरा खाया! तू क्या खिलाता है उसको, घास?"

आता बघा, मी इंजिनियर. एका भांड्यातलं जातं, दुसऱ्यातलं परत येतं. दोन्हींत फरक काय, हे शोधण्यासाठीच मला पगार मिळत असे. मी काय शोधलं? मला राग आला. मी रोज दोरी ओढतोय, आणि आई परक्या भाजीवर ताव मारते! आणि शिवाय त्या भाजीत मीठ. मी गंभीर चेहरा करून म्हटलं,

"आंटी, आप मत लाना अब. आईका नमक बंद है."

"बंद? डॉक्टरने बोला?"

"हां."

आंटींचा हात डब्याच्या झाकणावर राहिला. त्यांनी एकदा आईच्या दाराकडे बघितलं. "झूलेलाल खैर करे," एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या रोज दुपारी डब्याशिवाय येऊन आईजवळ बसू लागल्या. मला वाटलं, गप्पा. एकदा लवकर घरी आलो तर दोघी गप्प होत्या. आंटींनी आईचा हात हातात धरला होता आणि दोघी खिडकीतून समोरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीकडे बघत होत्या, जणू ती टाकी कुठे निघून जाणार होती.

त्याच दिवसांत आईला आवराआवर सुचली. कपाटातून पितळी डबा काढून तिने आंटींना दिला. मोरपिशी पैठणी सुनीतासाठी वेगळी बांधून ठेवली, वर चिठ्ठी. माझ्या बाबांचं घड्याळ मला दिलं, म्हणाली, "चालत नाही, पण ठेव." मला आनंदच झाला. म्हटलं, उठून कामाला लागली, सुधारतेय. मी ते कागदावरही लिहिलं: हालचाल वाढली.

शिजताना पालेभाजी आवाज करत नाही. टोपलीभर असते, मग तळाशी असते. आपण फक्त मधे एकदा झाकण काढतो.

ऋषिपंचमीला शोभाताई आली, बदलापूरहून. गुडघ्यांमुळे ती एरवी येत नसे, पण ही भाजी आईने जन्मभर चुकवलेली नव्हती आणि ती माझ्या दोरीवर सोडायची ताईची तयारी नव्हती. पिशव्या ओट्यावर ठेवून ती आईच्या खोलीत गेली. मी अळूची देठं सोलत होतो, हाताला खाज सुटली होती. आतून ताईचा आवाज आला.

"नंद्या, आईचं मीठ वाढलंय की रे!"

मी वैतागून ओरडलो, "कसं वाढेल? महिना झाला, मी चिमूटसुद्धा घालत नाही!"

मग ताई गुडघे सांभाळत बाहेर आली. तिच्या हातात आईची बरणी होती. तिने ती माझ्यासमोर ओट्यावर उलटी केली. काही पडलं नाही. आतून पांढरा डाग होता, नखाने खरवडल्यासारखा.

"हे काय आहे?"

"रिकामी बरणी."

"मग वाढलंय म्हणजे काय, गाढवा?"

मला कळायला किती वेळ लागला, सांगता येत नाही. गॅसवरचं पाणी उकळायला लागलं होतं एवढं आठवतं. आणि अळूची खाज थांबली होती.

दार उघडं होतं. आईने सगळं ऐकलं होतं. आम्ही आत गेलो तर ती उशीला टेकून बसली होती, पायांवर तीच सारखी केलेली चादर.

"म्हणजे डॉक्टरांनी बंद नव्हतं केलं?" तिने विचारलं.

"जपून म्हणाले होते. नुसतं जपून."

"तू म्हणालास, बंद."

"म्हणालो."

ती ताईकडे बघून म्हणाली, "तुझ्या बाबांचं असंच मीठ बंद केलं होतं डॉक्टरांनी. मूत्रपिंडं गेली तेव्हा. तूच आणायचीस ना डबा? मग सव्वीस दिवस काढले त्यांनी. मला वाटलं, हा पॅसेजमध्ये कुजबुजला तेव्हा तेच सांगितलं असेल याला. आणि याला बोलवत नाहीये." ती माझ्याकडे वळली. "म्हटलं, कशाला विचारून याला अवघड करा? सव्वीस मोजले. सत्ताविसावा उजाडला तेव्हा जरा गंमत वाटली."

मी खाली बसलो. खुर्चीवर नाही, खालीच.

"आई, तू ते सगळं डबे, पैठणी..."

"तेच तर!" आई म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत ती जुनी खोडकर चमक आली, जी माझ्यात उतरली आहे असं लोक म्हणतात, पण माझ्यात ती फक्त चुका करून झाल्यावर येते. "भगवंतीला पितळी डबा देऊन बसले. आता परत कसा मागू? मेले नाही म्हणून?"

ताई हसता हसता रडली.

त्या दिवशी भाजी आईने निवडली. यंत्र मी माळ्यावर टाकलं. वर्तमानपत्र तिच्या मांडीवर दिलं, माठ दिला, कणीस दिलं. तिने ताईला तुकड्यांची मापं सांगितली, सुरण आधी, कणीस आधी, भोपळा शेवटी, तो विरघळतो. अंबाडे ठेचून. तेल नाही, फोडणी नाही. सगळी भिस्त मिठावर. ताईने बरणी भरून स्टुलावर ठेवली. ताट आणलं तेव्हा आईने झाकण काढलं, चिमूट घेतली, डाव्या कोपऱ्यात ठेवली. मग बोटाचं टोक मिठाला लावून जिभेवर टेकवलं आणि डोळे मिटून घेतले. एवढा वेळ मिटून घेतले की ताईने विचारलं, "काय गं?" आई म्हणाली, "काही नाही. भेट झाली."

दोन वाट्या जेवली. मी कागदावर लिहायला गेलो आणि मला तो कागद बघवला नाही.

यानंतर सगळं ठीक झालं असं मला लिहायला फार आवडेल. बारा दिवस ती चांगली जेवली. भगवंती आंटींनी पितळी डबा परत आणला, आत साई भाजी भरून. आईने भाजी खाल्ली आणि डबा पुन्हा त्यांनाच दिला. मग ताप आला, तीन दिवस हॉस्पिटल, आणि नवरात्राचे घट बसायच्या आत आई गेली. मी डॉक्टरांना मिठाचं विचारलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, वय सांगितलं, फुप्फुसं सांगितली. मिठाचा संबंध नाही म्हणाले. ताईही तेच म्हणते, दरवर्षी, मी न विचारता. खरंही असेल.

पण माझं दुखणं ते नाही. माणूस कशाने गेलं ते शरीराला ठाऊक. माझं दुखणं असं, की पंचमी ते पंचमी, एक महिना, माझ्या घरात माझी आई एकटी मरायची तयारी करत होती. ते तिला मी सांगितलं होतं, ओट्याशी उभा राहून, वैतागलेल्या आवाजात. त्यानंतर तिने मला सांभाळून घेतलं, मला अवघड वाटू नये म्हणून, रोज दोन घास अळणी भाजी खाऊन. आणि मी बाहेर उभा राहून तिचं वजन लिहीत होतो.

यंदा वाटा घेऊन घरी आलो. सुनीता आता कुठल्याही भाजीला यंत्र लावू देत नाही; मीच निवडतो, मीच चिरतो, विळीवर. बोटं कापून घेतो अधूनमधून, त्यात मला तरबेज म्हणायला हरकत नाही. शिजलेलं आता चाखतो. आईचा नियम मोडतो आणि मनात तिची माफी मागतो. कणीस आधी, सुरण आधी, भोपळा शेवटी. ताटात पाणी घालून ताट कढईवर ठेवतो आणि खालची वाफ वर लागून परत भाजीवर पडताना होणारा बारीक आवाज ऐकत उभा राहतो.

आईची खोली तशीच आहे म्हणणं खोटं ठरेल. तिथे आता इस्त्रीचे कपडे आणि नातवाची सायकल असते. पण स्टूल आहे, स्टुलावर बरणी आहे, आणि ती मी भरलेली ठेवतो. खडे मिठानेच. पावसाळ्यात त्याला पाणी सुटतं. झाकण कितीही घट्ट लावा, हवा आत जाते, मीठ पाझरतं, खाली बसतं. आठपंधरा दिवसांनी मी वरचं पाणी ओतून टाकतो आणि नवी मूठ भरतो.

आज सुनीता ताटं घेत होती. मी मिठाचा पुडा घेऊन त्या खोलीकडे निघालो, तर तिने मला दारातच अडवलं. बरणीत डोकावली, मग माझ्याकडे बघितलं.

"अहो, यातलं कुणी खात नाही," ती म्हणाली. "मग हे वाढतं कसं?"